विमानाचं हरवलेलं इंजिन

मंठ्याजवळ राधेश्याम शेठचा दोनशे एकर माळ आहे. कुसळांशिवाय तिथे काही उगवेना, म्हणून शेठने मधोमध धावपट्टी केली आणि ग्लायडर उडवायला शिकवणारा माणूस आणून ठेवला. नवीन जालन्यात बँकेत नोकरीला असलेला धम्मपाल दर रविवारी तिथे शिकायला यायचा. त्या रविवारी तो पहिल्यांदाच एकटा वर गेला. दोराने ओढून आभाळात सोडलेलं ते बिनइंजिनाचं विमान अर्धा तास छान तरंगलं. मग हवा पडली, माळ मागे राहिला आणि धम्मपाल केशरबाईंच्या हरभऱ्यात उतरला.

केशरबाई डहाळे उपटत होत्या. त्यांनी आधी त्याला पाणी पाजलं, मग विमानाभोवती एक फेरी मारली.

"बाबा, इंजन कुठं सांडलं तुमचं?"

"मावशी, याला इंजिन नसतंच."

केशरबाईंना दया आली. डोक्याला मार बसला की माणूस असंच बोलतो, हे त्यांनी पाहिलेलं होतं. त्याला बाभळीखाली आडवं करून त्यांनी पोलीस पाटील सर्जेरावांना फोन लावला. विमानाचं इंजिन गळून पडलंय, कुणाच्या अंगावर पडलं नसलं म्हणजे मिळवलं, एवढंच त्या म्हणाल्या. सर्जेरावांनी देवळाच्या भोंग्यावरून तेच सांगितलं, फक्त एका इंजिनाची दोन झाली.

पाऊण तासात अख्खं गाव तुरीत आणि कपाशीत शिरलं. धम्मपाल येईल त्याला समजावत होता आणि येईल तो त्याला चहा पाजून परत झोपवत होता.

"तुमी बिलकुल घाबरू नका सायेब," सर्जेराव म्हणाले. "आमी हुडकून राह्यलो."

शेठच्या माळावरून ट्रॉली आली, पण इंजिन मिळाल्याशिवाय विमान हलवायचं नाही, पंचनामा कच्चा राहील, असं सर्जेरावांनी बजावलं.

ऊन कलता कलता नाल्याकडून हाक आली, इंजिन सापडलं. सगळ्यांच्या पुढे धम्मपालच पळाला. आता त्याचीही खात्री राहिली नव्हती.

बाभळीच्या जाळीत पोत्याखाली खरोखरच इंजिन होतं. डिझेलचं, हिरव्या रंगाचं. केशरबाईंनी पदराने धूळ पुसली आणि वाकून नीट पाहिलं.

"हे तर माझं हाय. पोळ्याच्या दिवशी हिरीवरून चोरीला गेल्तं."

तेव्हापासून त्या दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी मागून रान भिजवत होत्या. हरभऱ्याच्या नुकसानीचं मग कुणी नावच काढलं नाही. चौघांनी इंजिन उचललं, सहा जणांनी ग्लायडर ट्रॉलीवर चढवलं आणि केशरबाईंनी मोडलेल्या हरभऱ्याची मोठी जुडी धम्मपालच्या हातात दिली.

निघताना सर्जेरावांनी त्याला बाजूला घेतलं. "सायेब, मंग येत्या रविवारी आमच्या वावरात पडता का? आमचीबी मोटर जाऊन दोन साल झाले."