झुकणारा शिक्का

शरीर कंपनीचं असतं. दुखतं तेवढं ज्याचं त्याचं. जपानमधल्या निइगाता शहरातल्या एका लिफाफ्यांच्या कंपनीत हे वाक्य जिन्यापाशी चौकटीत लावलं होतं (अर्धंच; उरलेलं चौकटीत मावलं नाही).

नागुमोबाई तिथे अकरा वर्षं होत्या, म्हणजे विभागप्रमुख कुरामोचीसाहेबांच्या तोंडासमोर. रोज सकाळच्या कवायतीनंतर साहेब सगळ्यांदेखत त्यांची हजेरी घेत. "बाई, तुमच्या जागी कुंडी ठेवली असती, तर निदान एखादं फूल तरी आलं असतं." सगळे हसत. हसणं ऐच्छिक होतं (न हसणाऱ्यांची नोंद होई).

वार्षिक तपासणी मात्र एकदम चोख. बाईंचा रक्तदाब पहिल्या वर्षी ११२, सहाव्या वर्षी १४०, अकराव्या वर्षी १७०. झोप तीन तास, केस निम्मे, उजव्या हाताला कंप. आरोग्य समितीने खोल विचार करून गुन्हेगार पकडला: मिसोचं खारट सूप. अख्ख्या विभागाचं जेवण अळणी झालं आणि ते कुणापायी, हे साहेबांनी कवायतीनंतर जाहीर केलं.

कंपनीचे डॉक्टर निवृत्तीला आले होते, म्हणून खरं बोलत. "मिठाचा काही दोष नाही, बाई. बदली मागा. नाहीतर पुढच्या वर्षी तपासायला तुम्ही नसाल."

अर्जावर सहीऐवजी आधी बाईंचा नावाचा शिक्का, त्याच्या डावीकडे साहेबांचा. तिथली रीत अशी, की हाताखालच्याने आपला शिक्का डावीकडे कलता मारायचा. वरिष्ठांपुढे वाकून उभा असल्यासारखा. पण नेमका कोन साधायला मनगट स्थिर लागतं. बाईंचा शिक्का ताठ उठला.

साहेबांनी कागद सगळ्यांना दिसेल असा धरला. "काय हो, आज माझ्याशी बरोबरी?"

"हात थरथरतो, साहेब."

"थरथरणाऱ्या हाताचा वाकडा येतो. हा मुद्दाम सरळ आलाय."

अर्ज परत. बाईंनी नऊ वेळा भरला. नऊही शिक्के ताठ.

मार्चमध्ये बाई कवायतीतच कोसळल्या (विसाव्या उडीला; उरलेल्या पाच इतरांनी पूर्ण केल्या). इस्पितळातून त्यांनी राजीनामा पाठवला. त्यावरचा शिक्काही ताठच होता. तो मात्र साहेबांनी उभ्याउभ्या मंजूर केला.

बाई गेल्या आणि विभागाचा सरासरी रक्तदाब आपोआप उतरला. कंपनीला 'निरोगी कार्यालय' प्रशस्तिपत्र मिळालं. बाईंच्या खुर्चीत आता नवी मुलगी बसते. ११२.

कुंडीच्या विनोदावर तुम्हीही हसलात. काही हरकत नाही, हसणं ऐच्छिक आहे. तुमची नोंद झाली आहे.