शेवडेकाका आणि गिळलेला मोजा

सकाळी साडेसहाला दाराची बेल वाजली की इतरांना दूधवाला आठवतो. मला शेवडेकाका आठवतात, आणि बहुतेक वेळा तेच असतात. त्या दिवशीही तेच होते. डोक्याला कानटोपी, हातात प्लॅस्टिकची पिशवी, आणि चेहरा सरकारी कामावर निघालेल्या माणसाचा. मी कणकेच्या हातानं दार उघडलं. ते म्हणाले, "वर्षा, एक मोजा दे. धुतलेला नको. वापरलेला पाहिजे."

कशाला, असं मी विचारलं नाही. शेवडेकाकांच्या शेजारी अकरा वर्षं काढली की माणूस 'कशाला' विचारणं सोडून देतो. नवऱ्याच्या बुटातला एक मोजा काढून दिला. काकांनी तो नीट तळहातावर घेतला, हुंगला, "चालेल" म्हणाले आणि पुढच्या घराकडे वळले. नवरा नंतर एका पायात मोजा घालून घरभर फिरला, मग त्यानंही विचारणं सोडून दिलं आणि चपला घालून ऑफिसला गेला. जबलपूरच्या डिसेंबरात.

काका खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत माल तपासायच्या खात्यात होते. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूत खोट काढायची. निवृत्त झाले, पण खोट काढणं निवृत्त झालं नाही. आमच्या फाटकाचं बिजागर त्यांनी रिजेक्ट केलं. मी लावलेली कोथिंबीर रिजेक्ट केली. माझ्या सासूबाईंनी प्रेमानं अनारसे दिले, तर एकेक उन्हात धरून जाळी पाहिली आणि म्हणाले, "चार पास, दोन रिजेक्ट." सासूबाई आजतागायत त्यांच्यासमोर ताट मांडत नाहीत. आणि कुठंही काही बिघडलं की त्यांचं ठरलेलं वाक्य, "वरवरचं पाहू नका. जड पकडा, जड." मराठीत ते मूळ म्हणायला पाहिजे, पण आमच्याकडे घरात मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी, त्यामुळे मधल्या अंगणात दोन्ही एकमेकांत गुंतलेल्या असतात.

लग्न त्यांनी केलं नाही. मुली पाहिल्या असतील, पण पुढचं काय झालं असेल ते सांगायला नको.

घर दुमजली. खाली काका, वर त्यांचे धाकटे भाऊ नाना. नाना शाळेत चित्रकला शिकवायचे, बायको लवकर गेली, एक मुलगी. या दोन भावांनी नऊ वर्षं एकमेकांशी शब्द बोललेला नव्हता. वर जायचा जिना बाहेरून आहे, म्हणून ते जमलं. नानांचं पत्र खाली आलं की काका ते माझ्याकडे द्यायचे आणि मी जिना चढायची. दिवसभर शाळेत पोरांपुढे बोलून घरी आले की मला चपलासुद्धा काढाव्याशा वाटत नाहीत, आणि इथे हे टपाल.

त्यात भुरू आला. फॅक्टरीच्या बस-स्टॉपजवळच्या नालीत काकांना सापडलेलं भुरकट रंगाचं पिल्लू. रिजेक्ट करायच्या लायकीचं जगात काही असेल तर ते हेच होतं. एक कान उभा, एक पडका, शेपटी मध्येच मोडलेली. काकांनी त्याला कोटाच्या आत घालून घरी आणलं आणि त्याच्यात एकही खोट काढली नाही.

खोट मग आम्ही काढली. भुरू कपडे खायचा. आधी काकांची बनियान गेली, मग माझा टॉवेल, मग सासूबाईंच्या मफलरचा गोंडा. धरायला गेलं की तो पळायचा, मागे धावलं की पटकन गिळायचा. बऱ्याच गोष्टी दुसऱ्या दिवशी अंगणात परत मिळायच्या, कुठल्या वाटेनं ते लिहीत नाही. काका काडीनं उलटून पाहायचे आणि मला बोलावून खात्री करून घ्यायचे की हा तोच गोंडा.

उपाय सुरू झाले. कडुलिंबाचा रस झाला. मग काकांनी मोज्याला तिखट चोळून ठेवलं. भुरूनं तो मोजा हुंगून सोडून दिला. दुसऱ्या दिवशी घाईत काकांनी स्वतःच तो पायात घातला आणि फिरायला निघाले. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं मला फोन केला, की दीदी, अंकलजी नळाखाली पाय धरून बसले आहेत, उठत नाहीत. मी शाळेतून अर्धी सुट्टी घेऊन त्यांना स्कूटरवर आणलं. वाटेत ते मागून एवढंच म्हणाले, "तिखट चांगलं आहे. पास."

आणि मग वापरलेल्या मोज्यांची ती सकाळ. बारा घरांतले बारा मोजे त्यांनी अंगणात दोरीवर टांगले, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. आम्हा शेजाऱ्यांना साक्षीदार म्हणून उभं केलं. कुत्रा कोणाच्या वासाला जातो ते पाहायचं होतं. भुरू आला, एकेक मोजा त्यानं हुंगला, माझ्या नवऱ्याच्या मोज्याशी जरा थांबला, आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन डोकं टेकवून पडून राहिला. काकांचा चेहरा उजळला. म्हणाले, "सुधरला. पाहा, तोंड नाही लावून राहिला." ज्याचा त्याचा मोजा ज्याला त्याला परत मिळाला. मला बरं वाटलं, कारण एक प्रकरण संपलं.

ते खरं तर तीन दिवसांनी सुरू झालं. भुरू सकाळपासून उलट्या करत होता, पाणीही ठरत नव्हतं, पाठीची कमान करून भिंतीला तोंड लावून उभा होता. काका बेल न वाजवता थेट आत आले. माझ्या स्कूटरची किल्ली कुठं टांगलेली असते ते त्यांना माहीत होतं. ती काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

जनावरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं पोट दाबून पाहिलं, एक्स-रे काढला, आणि सांगितलं की आतड्यात काहीतरी अडकलंय, आजच पोट उघडावं लागेल, उशीर केला तर आतडं सडतं. काकांनी कागदावर सही केली. कागद वाचलाही नाही.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. दोन तास. एवढ्या वेळात काकांनी त्या दवाखान्यातलं काहीही रिजेक्ट केलं नाही. पंखा वाकडा होता, मला दिसत होता.

डॉक्टरीणबाई बाहेर आली, म्हणाली, बच जाएगा. मग समजावून सांगायला लागली. पिल्लं दात येताना सगळंच चावतात. मोठे कुत्रे कंटाळा आला, एकटे पडले की चावतात. आपण मागे धावलो तर त्यांना वाटतं हा ऐवज हिसकावला जाणार, म्हणून ते गिळून टाकतात. धावायचं नाही, समोर दुसरं काही खायला धरायचं, तो आपसूक सोडतो. काका मान हलवत होते. मग ती म्हणाली, "और अंकल, घर का कोई चला जाए तो उसका कपड़ा ढूँढ़ते हैं। उसमें उसकी गंध होती है। कोई गया है क्या घर से?"

काका म्हणाले, घरात मी एकटाच, मी तर इथेच आहे.

तिनं स्टीलचा ट्रे पुढे केला. त्यात एक मोजा होता. गडद हिरवा, लोकरीचा, अंगठ्याशी पिवळ्या दोऱ्यानं रफू केलेला. काकांनी तो उचलला नाही. मग मला म्हणाले, "हा नान्याचा. जो दोरा हाती येईल त्यानं रफू करतो. लहानपणापासून."

भुरूला दवाखान्यातच ठेवून आम्ही घरी आलो. काका जिन्याशी थांबले आणि म्हणाले, तू पाहून ये. मी वर गेले. दाराला कुलूप. बाजूला कॅनव्हासचे बूट, एका बुटात हिरव्या मोज्याची जोडी पूर्ण करणारा दुसरा मोजा कोंबलेला. दाराजवळ दुमडलेलं गोणपाट, त्यावर भुरकट केस, आणि एक ॲल्युमिनियमची वाटी. तळाशी दूधपोळी वाळून पापडासारखी झाली होती.

काका रोज अकरा ते चार निवृत्त कामगारांच्या वाचनालयात जातात. तेवढा वेळ भुरू वर असायचा. किती महिने, ते भुरू आणि नानांनाच ठाऊक. वाटीच्या कडा चाटून चाटून गुळगुळीत झाल्या होत्या.

खाली येऊन मी हे सांगितलं. काकांनी विचारलं, "नान्या कुठे आहे?" नऊ वर्षांत त्यांच्या तोंडून हे नाव मी त्या दिवशीच ऐकलं, आणि एका दिवसात दोनदा. मलाही माहीत नव्हतं. टपाल नव्हतं म्हणून मी वर गेले नव्हते, आणि खरं सांगायचं तर टपाल नाही याचा मला आनंद होता.

मी मीनलला फोन लावला. मीनल म्हणजे नानांची मुलगी, भोपाळला असते. तिनं सांगितलं की बाबांचं नागपूरला हृदयाचं ऑपरेशन झालं, बारा दिवस झाले, आता बरे आहेत. मोठ्या बाबांना, म्हणजे काकांना, सांगायचं नाही, अशी त्यांची ताकीद होती. पुढच्या रविवारी ती त्यांना घरी आणणार होती, पण जिना चढायची दोन महिने मनाई, तेव्हा कसं करावं तेच तिला कळत नव्हतं. फोन स्पीकरवर होता. काका भिंतीकडे पाहत ऐकत होते.

या मीनलवरूनच भावांचं फाटलं, हे अख्ख्या कॉलनीला माहीत आहे. तिचं लग्न ठरत होतं. मुलगा इंजिनियर, घरचे चांगले. चहापोह्यांना वीस माणसं बसलेली असताना काकांनी त्या मुलाला खोलीभर चालून दाखवायला सांगितलं आणि सर्वांदेखत निकाल दिला, की डावा पाय ओढतो, रिजेक्ट. मुलाकडचे उठून गेले. मीनलनं पुढे स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, ती सुखात आहे, काकांना दिवाळीला फोनही करते. नानांनी मात्र त्या दिवसापासून तोंड बंद केलं.

फोन ठेवल्यावर काका जिन्याशी गेले. एक एक पायरी चढून वर पोचले, गुडघे धरत खाली आले आणि म्हणाले, "सतरा पायऱ्या. त्याला नाही जमणार." मग त्यांनी कामाला सुरुवात केली. चार दिवसांत त्यांनी स्वतःचं सामान वर नेलं. नानांच्या घराची किल्ली मीनलनं सांगितलेल्या जागी सापडली. मी गाद्या नेल्या, नवऱ्यानं पेटी नेली. खालच्या खोलीत नानांची खाट, खिडकीशी त्यांची रंगांची पेटी, न्हाणीत धरायला दांडा. सत्तरीचा माणूस दिवसातून दहा वेळा जिना चढत होता. मी रागावले, तर म्हणाले, "मला काय धाड भरली आहे. हृदय तर ठीक आहे माझं."

रविवारी दुपारी गाडी आली. मी खिचडीचा डबा घेऊन गेले होते, म्हणून हे पाहिलं. मीनलनं नानांना धरून आत आणलं. निम्मे झाले होते. पोटाला पट्टी आणि गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं घातलेला भुरू उठायची धडपड करत त्यांच्यापर्यंत गेला आणि नरसाळ्यासकट त्यांच्या पायांवर पडला. नाना खाटेवर बसले. खोली पाहिली, दांडा पाहिला, रंगांची पेटी पाहिली. काका दारातच उभे होते, हात मागे बांधून, साहेबासमोर उभे राहावं तसे.

म्हणाले, "नान्या, त्या पोराचा पाय ठीक होता. तो परदेशी घेऊन चालला होता तिला. मला काहीतरी कारण पाहिजे होतं." मग म्हणाले, "चौतीस वर्षांत तेवढाच रिपोर्ट खोटा दिला मी."

मीनल खिडकीकडे वळली. मी डबा कुठं ठेवावा ते कळेना म्हणून तसाच धरून उभी राहिले. नानांनी भुरूच्या डोक्यावर हात ठेवला होता, तो काढला नाही. मग काकांकडे न पाहता ते म्हणाले, "वर नळाला सकाळी सहालाच पाणी येतं. मग येत नाही. भरून ठेवत जा."

काका म्हणाले, "बरं."

आणि कठड्याला धरून हळूहळू जिना चढून गेले.