सीताफळांचा भोंगा

तरन्नुमला त्या सकाळी जाग आली ती स्वतःच्याच आवाजानं. आवाज गल्लीतून येत होता, भोंग्यातून येत होता आणि निवृत्त मुख्याध्यापक मोहनराव यांचा जाहीर उद्धार करत होता.

"खिडकीला हाय पडदा, पडद्यामागं कान,
मोहनराव गुरुजी, तुमचं कुठं हाय ध्यान?
अर्ज लिहून लिहून संपलं तुमचं पेन,
माझ्या तोंडाला न्हाई कुलूप, न्हाई चेन!"

ती ताडकन उठून बसली. आधी तिला वाटलं, झालो आपण व्हायरल! मग आवाज कोपऱ्यावरून चौकाकडे वळला आणि ती ओढणी शोधू लागली. तो भोंगा तिच्या अब्बांच्या हातगाड्यावरचा होता.

आता या भोंग्याची हकीकत सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. आष्टीत हबीबभाईंचा फळांचा हातगाडा. माणूस भला, माल चोख, तराजू सरळ, पण आवाज इतका बारीक की समोरच्या गिऱ्हाइकानंसुद्धा "काय म्हणालात?" विचारावं. म्हणून सहा वर्षांपूर्वी, ऐन सीताफळांच्या दिवसांत, त्यांनी बॅटरीवरचा भोंगा आणला आणि बायकोला, रुकसानाला, त्यात बोलायला लावलं. रुकसाना बोलायला लागली की दोन गल्ल्या पलीकडची कुत्री उठून बसत. "सीताफळं घ्या, सीताफळं! बालाघाटची सीताफळं! डोळे उघडलेली, बी कमी अन् गर लई!" असं ती दोनदा म्हणाली. मग भोंगा बंद कसा करायचा ते तिला कळेना, तेव्हा तिनं लेकीला हाक मारली, "तरन्नुम, हुआ क्या गे? बंद कर अब." तेही भोंग्यात शिरलं. उद्या नीट भरू म्हणून राहिलं, ते राहिलंच.

दोन वर्षांनी रुकसाना चार दिवसांच्या तापात गेली. भोंगा मागं राहिला. हबीबभाईंनी त्यातलं अक्षर बदललं नाही. उन्हाळ्यात गाड्यावर टरबुजं असत, थंडीत पेरू असत, रमजानात खजूर असे. भोंगा मात्र बारा महिने सीताफळंच ओरडे. परगावचा माणूस बुचकळ्यात पडे, आष्टीकरांना सवय होती. गल्लीतली छबुबाई तर सुनेला सरळ सांगायची की सीताफळवाली आली, जा, दोन डझन केळी आण.

आणि दर फेरीच्या शेवटी अख्ख्या गावादेखत तरन्नुमला "बंद कर अब" ऐकावं लागे. शाळेतल्या पोरी तिला त्यावरून चिडवायच्या आणि सोळाव्या वर्षी ती त्यापायी रडलीही होती. आता बाविसाव्या वर्षी तिची तऱ्हा निराळी होती. सकाळी अर्धवट झोपेत ती त्या हाकेची वाट बघत पडून राही. गाडा दारातून निघे, अम्मी सीताफळं विके, मग नाव घेऊन हाक मारी आणि मगच ही अंथरुणातून उठे. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

सांगितलं होतं ते फक्त रॅपमध्ये. झेरॉक्सच्या दुकानात नोकरी आणि बाकीच्या वेळात रॅप, असा तिचा संसार. इंटरनेटवर तिचं नाव 'तरन्नुम आष्टीवाली', खाली 'स्वतंत्र कलाकार'. स्वतंत्र म्हणजे लिहिणारी तीच, गाणारी तीच, भिंतीला मोबाईल टेकवून चित्रीकरण करणारी तीच आणि बघणारीही बहुतेक तीच. शेवटचं गाणं त्रेचाळीस वेळा पाहिलं गेलं होतं, त्यातलं एकतीस वेळा तिनं स्वतः. गोधडी डोक्यावरून घेतली की झाला स्टुडिओ. लाखो लोकांनी ऐकावं असं तिला वाटेच, खोटं कशाला बोला; पण खरी ओढ एकाची होती. अब्बांनी एकदा, नीट, शेवटपर्यंत ऐकावं. मागं एकदा तिनं धीर करून त्यांच्या कानात इअरफोन घातला होता. त्यांनी तीन सेकंद ऐकलं आणि काळजीनं विचारलं, कोण भांडतंय? तेव्हापासून तिनं त्यांच्यापुढं विषय काढला नव्हता.

आदल्या संध्याकाळी अब्बा नमाजला गेल्यावर तिनं भोंगा घरात घेतला. भोंग्यात बोलायचं आणि समोर मोबाईलवर ते टिपायचं, म्हणजे आवाजाला फाटकी धार येते, ही युक्ती तिनं पूर्वीही वीसदा केली होती. फक्त या वेळी बोट एक बटण खाली पडलं. लाल दिवा लागला. तिला वाटलं, चार्जिंग संपत आलंय. तिनं डोळे मिटून अख्खं गाणं म्हटलं, भोंगा जागेवर ठेवला आणि खूश होऊन झोपली.

आता ती ओढणी सावरत चौकात पोहोचली तेव्हा भोंगा बंद होता. अब्बा गाड्याशी उभे होते. छबुबाई त्यांना विचारत होती की पोरगी कोणत्या वॉर्डातून उभी राहिलीय, आधी सांगायचं तरी. सीताफळांकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळ्यांना वाटलं होतं निवडणुकीचा प्रचार आलाय, आणि प्रचाराकडून कोण फळं घेतं?

"अब्बा, चुकून झालं," ती म्हणाली. घरात हे बापलेक दखनीत बोलत. आपण मराठीत ऐकू.

"तिचं गेलं का?" एवढंच त्यांनी विचारलं.

तिनं मान हलवली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी "हं" केलं आणि गाडा ढकलत मुक्यानं पुढं गेले.

तरन्नुमनं नोकरीवर दांडी मारली आणि भोंगा घेऊन गुफरानचं दुकान गाठलं. गुफरान म्हणजे पंख्यापासून पंपापर्यंत काहीही उघडून बसणारा तिचा मामेभाऊ. त्यानं भोंगाही उघडला, आत बघितलं, फुंकर मारली आणि पुन्हा मिटला.

"नवीन बोललं की जुनं जातं यात," तो म्हणाला. "पाटी पुसून लिहिल्यासारखं हाय हे."

मग दोघांनी डोकं लावलं. भोंगा सहा वर्षं गावभर ओरडतोय, म्हणजे कुणाच्या ना कुणाच्या व्हिडिओत मागं तो असणारच. तरन्नुम दारोदार फिरली. शेजारच्या वैष्णवीच्या हळदीच्या व्हिडिओत गाडा चक्क मांडवासमोरून जाताना दिसत होता, पण त्यावर वैष्णवीच्या भावानं सिनेमाचं गाणं चिकटवलं होतं. दुसऱ्या एकीच्या बाळाच्या रांगण्यावर पावा वाजत होता. गावातल्या एकूण एक व्हिडिओवर कुणी ना कुणी गाणं ओतून ठेवलेलं. खरा आवाज तसाच ठेवावा असं कुणाला म्हणून वाटलं नव्हतं. दुपारी गाडा घरी आला तो भरलेलाच. पिकलेलं सीताफळ काही आठवडाभर वाट बघत नाही. पाट्यांतली फळं फुटायला लागली होती आणि अब्बा एकेक उचलून बाजूला ठेवत होते. ते बघून तिला भडभडून आलं आणि ती परत गुफरानकडं गेली.

"एक माणूस हाय," गुफरान मान खाजवत म्हणाला. "दोन वर्षं झाली, दर आठवड्याला भोंगा रेकॉर्ड करून ठेवतो. पुरावा म्हणून. पण तू त्याच्याकडं जाऊ शकत न्हाईस."

"कोण?"

"सकाळी तू ज्याचं पेन संपवलंस तो."

मोहनरावांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात ताजा अर्ज होता. विषय जुनाच, ध्वनिप्रदूषण. त्याला आज मानहानीची जोड मिळाली होती. चौथीत त्यांनीच तरन्नुमला शिकवलं होतं, त्यामुळे तिचे हात आपोआप मागं गेले. लाल बटण, अम्मी, अब्बा, फुटलेली सीताफळं असं सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं. गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं.

"म्हणजे माझाच पुरावा माझ्याकडं मागायला आलीस."

"हो गुरुजी."

"सकाळी जे म्हणालीस ते इथं, माझ्यासमोर म्हण. सरळ उभी राहून. सगळं."

तरन्नुमनं आयुष्यात पहिल्यांदा श्रोत्यासमोर रॅप म्हटला तो असा, वाळत घातलेल्या धोतराशेजारी उभं राहून, ज्याची टिंगल केली त्याच्याच तोंडावर. कुलपापर्यंत ती कशीबशी पोहोचली.

"'न्हाई' नव्हे. 'नाही'," गुरुजींनी अडवलं.

"ताल मोडतो, गुरुजी."

गुरुजींनी बोटांवर मात्रा मोजल्या. पुन्हा मोजल्या. "मोडतो खरा. चालू ठेव," ते नाइलाजानं म्हणाले.

ती पुढं म्हणत गेली. नळाचं पाणी झालं, खड्डे झाले, झेरॉक्सचं दुकान झालं आणि गाणं शेवटाला आलं. तिथं तिचा आवाज आपसूक खाली उतरला.

"गल्लीत रोज नऊला कुणी घेतं माझं नाव,
मी उठते, दार उघडते, समोर नुसता गाव."

गुरुजी मात्रा मोजायचे थांबले. मग म्हणाले, "शेवटच्या दोन ओळी पुन्हा." तिनं पुन्हा म्हटल्या. त्यांनी अर्जाची घडी घातली, ती खिशात ठेवली आणि मोबाईल काढला.

"आज सीताफळवाली बोलली नाही," ते मोबाईलकडं बघतच म्हणाले, "माझी रक्तदाबाची गोळी राहिली. रोज त्या आवाजावर घेतो मी."

पुरावे चौऱ्याण्णव निघाले. गुरुजींचं काम शिस्तीचं. प्रत्येक पुराव्याची सुरुवात त्यांच्याच आवाजात तारीख, वेळ आणि शेरा, अशी. पण गुन्हा नोंदला की ते लगेच यंत्र बंद करायचे, त्यामुळे अम्मी 'बी कमी' वरच तुटायची. दोघं ओसरीवर बसून एकेक ऐकत गेले. ऐकता ऐकता गुरुजींनी चहा केला, तोही निवला. एक्क्याण्णवाव्या पुराव्यात मात्र गुरुजी यंत्र बंद करायचं विसरले होते. सीताफळं संपली, भोंगा खरखरला आणि मग आली हाक. "तरन्नुम, हुआ क्या गे?" तरन्नुमनं ओढणी तोंडात कोंबली आणि हमसून हमसून रडली. गुरुजी धोतर वाळलं का ते बघायला उठून गेले.

अडचण एकच राहिली. त्या पुराव्यात गुरुजींचा आवाज अम्मीच्या पहिल्या ओळीतच मिसळला होता. गुफराननं संध्याकाळभर खटपट केली, पण गुरुजींना काढावं तर अम्मीही निघायची. शेवटी त्यानं दोघांना एकत्रच भोंग्यात भरलं, शिवाय सात मोबाईलवर उतरवून ठेवलं. त्यातला एक मोबाईल गुरुजींचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आष्टीच्या गल्लीत हबीबभाईंचा गाडा निघाला. भोंगा कडाडला, "दिनांक अकरा सप्टेंबर, वेळ नऊ वाजून सात मिनिटे, आवाज असह्य, सीताफळं घ्या, सीताफळं!" दारं उघडली. पदर खोचत बाया आल्या, पिशव्या आल्या. दिनांक कशाला सांगतात हे छबुबाईला कळलं नाही, पण माल ताजा असल्याची ती खूण असावी, असं ठरवून तिनं चार फळं जास्त घेतली.

तरन्नुम गाड्याच्या मागं उभी होती. गिऱ्हाईक जरा ओसरल्यावर तिनं मनातलं बोलून टाकलं. "माफ करा अब्बा. काल तुम्हाला ते लगेच बंद करावं लागलं."

"लगेच कुठं?" अब्बा म्हणाले. "सात वेळा ऐकलं."

"सात?"

"मला वाटलं, तुझं संपलं की ती येईल. दर खेपेला वाटायचं, आता येईल. म्हणून चौकापर्यंत चालूच ठेवलं." त्यांनी एक सीताफळ उचललं, दाबून बघितलं, ठेवलं. "ती काही आली नाही. तुझं पाठ झालं."

आणि मग, समोरच्यालाही ऐकू न जाणाऱ्या त्या बारीक आवाजात, त्यांनी म्हटलं, "मी उठते, दार उघडते, समोर नुसता गाव." एकही शब्द चुकला नाही. तरन्नुमनं तराजूतलं वजन उगाच या पारड्यातून त्या पारड्यात टाकलं.

तेवढ्यात पिशवी घेऊन मोहनराव आले. कपाळावर आठ्या होत्याच. त्यांची तक्रार होती. भोंग्यात बाईंचा आवाज खणखणीत येतो आणि आपला मात्र बारीक, हे बरोबर नाही. थोडा वाढवता आला तर बघा. हबीबभाईंना कधी नव्हे ते हसू आवरेना. गुरुजींच्या पिशवीत फळं घालता घालता ते पुटपुटले, "अर्ज लिहून लिहून संपलं तुमचं पेन."

"न्हाई कुलूप, न्हाई चेन," गुरुजी गंभीरपणे म्हणाले आणि पिशवी घेऊन चालू लागले.

भोंगा फेरीच्या शेवटाला आला होता. "तरन्नुम, हुआ क्या गे? बंद कर अब."

सवयीनं तिचा हात बटणाकडं गेला. अब्बांनी तो धरला. भोंगा त्यांनीच बंद केला, दांडीवरून सोडवला आणि तिच्या हातात दिला. लाल बटणावर चिकटपट्टीचे चार वेढे मारलेले होते, तरी त्यावर त्यांनी वरून आपला अंगठा दाबून धरला.

"आता तू म्हण," ते म्हणाले. "मी धरून उभा आहे."