नाना दोघांच्या खोलीत

आमच्या सोसायटीत कुणाचा नळ गळायला लागला, की घरमालकाच्या आधी तो नानांना कळतो. बेल वाजते. दारात नाना. "सर, तुमच्या मोरीत टपटप चालूय." ते खाली राहतात, मी वर, आणि मध्ये अख्खा स्लॅब आहे, तरी त्यांना ऐकू जातं.

तसा त्यांचा हक्कच आहे म्हणा. चिकलठाण्याकडची आमची सोसायटी उभी आहे ती त्यांच्याच जुन्या शेतावर. माझ्या स्वयंपाकघराच्या जागी त्यांची तुरीची पट्टी होती. नव्या माणसाशी माझी ओळख ते "हे सर, आपल्या तुरीत राहतात," अशी करून देतात.

त्या उन्हाळ्यात, ओळीनं तिसरा पाऊस हुकल्यावर, सोसायटीला टँकरचं पाणी होतं आणि नानांचा अंमल कडक होता. अशातच एका सकाळी ते वर आले. "सर, कपडे भरा. आपल्याला हॉटेलात राहायचंय."

झालं होतं असं. नानांच्या पुण्यातल्या मुलानं आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला औरंगपुऱ्याजवळच्या एका झकपक नव्या हॉटेलात खोली ठरवली होती. आईला, म्हणजे मंगलावहिनींना, अचानक आनंद द्यायचा म्हणून तिला पत्ता लागू दिला नव्हता. तेवढ्यात अमेरिकेतली लेक महिनाभर आधीच बाळंत झाली आणि मंगलावहिनींना घाईघाईनं विमानात बसवावं लागलं. खोली आता रद्द होत नव्हती.

"पोराचं मन मोडायचं नाय," नाना म्हणाले. "अन् मी एकटा जाऊन काय करू?"

गेलो. खोलीचं दार उघडलं आणि आम्ही दोघंही उंबऱ्यातच थांबलो. पलंगभर गुलाबाच्या पाकळ्या, त्यांत चोचीला चोच लावून बसलेले दोन पांढरे पक्षी.

"ही बदकं कशाला?"

"टॉवेल आहेत नाना. घड्या घालून केलेत."

"मग अंग पक्ष्यानं पुसायचं व्हय?"

न्हाणीघर काचेचं होतं. नानांनी बाहेरून मला न्याहाळलं, मग आत जाऊन बाहेर न्याहाळलं, आणि पक्षी उशाशी सरकवून पलंगावरची चादर ओढून काचेवर टांगली. छताला भलंमोठं चाळणीसारखं काहीतरी होतं. हा पावसाचा शॉवर, असं सामान आणणाऱ्यानं सांगितलं. नानांनी एकदाच तो सुरू केला, लगेच बंद केला. "तीन वर्षं पडला नाय, अन् ह्यांनी इथं कोंडून ठेवलाय!"

मग त्यांनी बादली मागवली. हॉटेलात बादली नव्हती. बऱ्याच धावपळीनंतर बर्फ ठेवायची चकचकीत बादली आली. "हिच्यात चिमणी आंघोळ करील," असं म्हणत नानांनी तिच्यातच आंघोळ उरकली, आणि उरलेलं पाणी व्हरांड्यातल्या कुंडीला घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. मॅनेजरबाई, मागे टाळ्या वाजवणारे दोघं, हातात केक. "हॅपी अॅनिव्हर्सरी, सर अँड..." बाईंची नजर माझ्यावर येऊन अडकली.

"हे आपल्या तुरीत राहतात," नाना म्हणाले.

त्यानं कुणालाच उलगडा झाला नाही. मी नव्या नवरीसारखी मान खाली घातली. केक कापला. नानांनी मोठा तुकडा मटकावला.

ती मंडळी बाहेर पडली आणि फोन वाजला. अमेरिकेहून, व्हिडिओवर.

"सर, बदकं लपवा!" असं म्हणत नाना पलंगापासून पळाले आणि समोरच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मी पक्षी कवटाळून पलंगाखाली.

"अहो, मागच्या भिंतीच्या विटा कशा दिसतायत?" मंगलावहिनींचा आवाज आला. भिंत मुद्दाम विटांची ठेवलेली होती, फॅशन.

"गिलावा पडला."

"अगं बाई! आणि मिशीला काय लागलंय?"

"चुना. तू नातीचं बोल. झोपती का?"

"कुठली झोपतेय! हिच्यापायी मीही जागीच. जेवला का?"

"पिठलं केलंतं."

मग त्या म्हणाल्या, "आज तारीख कोणती, आठवतं का काही?"

नानांनी डोकं खाजवलं. "कसली? लाइट बिलाची?"

"पन्नास वर्षांत कधी राहिलंय तुमच्या लक्षात!" वहिनी खळखळून हसल्या, चार शब्द सुनावले आणि फोन ठेवला.

मी पलंगाखालून बाहेर आलो. "नाना, निदान वाढदिवस लक्षात आहे म्हणायचं होतं. उगाच बोलणी खाल्लीत."

"आठवतं म्हणलं असतं तर तिथं रडत बसली असती. आता तिकडं रातभर लेकीला सांगंल, तुझा बाप असा न् तुझा बाप तसा. रात जाईल तिची." त्यांनी मिशी पुसली. "ह्या खोलीचं तर बोलूच नका तिच्याजवळ. तिनं उभ्या जन्मात असल्या ठिकाणी पाय टाकला नाय."

दुपारी निघताना मी रिक्षा बघायला पुढं झालो. नाना मागंच राहिले म्हणून परत आलो, तर ते काउंटरवर मॅनेजरबाईंशी बोलत होते.

"दिवाळीला हीच खोली पायजे. दोघांना."

"नक्की सर. अजून काही खास?"

नाना काउंटरवर वाकले. आवाज एकदम खाली आला.

"जेवण खोलीतच पाठवा. अन् काटे-चमचे ठेवू नका, बाई. तिला येत नाय, लोकांपुढं लाजंल."

बाईंनी मान हलवली. नाना वळले, मला बघून खेकसले, "काय बघताय? रिक्षा मिळाली का नाय?"