मेलच्या कपाळावरची मराठी

माणसाचं नशीब कपाळावर लिहिलेलं असतं, याबद्दल कुणाचं दुमत नाही. ते वाचायचं यंत्र तेवढं जुनं असतं.

ईमेलचंही तसंच. पोटात मजकूर कुठल्याही लिपीत चालतो. कपाळावर मात्र पाठवणाऱ्याचं नाव आणि विषय असतो, आणि तिथं मूळ नियमानं फक्त इंग्रजी अक्षरांना प्रवेश. मराठी नाव सांकेतिक चिन्हांत गुंडाळून धाडतात. पलीकडच्या यंत्रानं ते सोडून दाखवायचं. दादरच्या भाडेकरू स्थलांतर कक्षाचं यंत्र काही सोडत नसे. (दुसऱ्याचं पुडकं फोडणं सभ्यपणाचं नव्हे.)

परळची चाळ पाडायला काढली, तेव्हा रामजी आणि कांताबाईंना काळाचौकीच्या तात्पुरत्या इमारतीत चौथ्या मजल्यावर हलवलं. लिफ्ट नाही. कांताबाईंचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. तळमजल्यावर तीन खोल्या रिकाम्या होत्या. कक्षाचं फर्मान असं, की खोली बदलायचा अर्ज मेलनंच करावा, आणि मराठीतूनच करावा. रामजींनी एकेक अक्षर बोटानं शोधून नाव लिहिलं, विषय लिहिला, मेल धाडला. उत्तर नाही. पुन्हा धाडला. मग काठी घेऊन स्वतःच गेले.

कक्षप्रमुख यशोधनसाहेबांनी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे बघा, काका. बरोबरची चिन्हं, प्रश्नचिन्हं, मधे एबीसीडीचा चिवडा. असला मेल आम्ही व्हायरस समजून उडवतो."

"आत सगळं नीट लिहिलंय, साहेब."

"आतलं बघायला आधी उघडावा लागतो ना!"

यंत्र बदलायचा प्रस्ताव साहेबांनी केव्हाच वर पाठवलाय. मेलनं, मराठीतून. वरचं यंत्रही त्याच बनावटीचं. उत्तराची वाट पाहणं चालू आहे. दरम्यान वर्षभरात मराठीतून एकही तक्रार न आल्याबद्दल कक्षाला भाषा पंधरवड्यात ढाल मिळाली. (ढालीवरची मराठी स्वच्छ वाचता येते. कोरणाऱ्याकडे यंत्र नव्हतं, छिन्नी होती.)

घरी नात प्रिती म्हणाली, "आजोबा, तू नाव आणि सब्जेक्ट इंग्लिशमध्ये टाक ना. विषय कट."

"पंचेचाळिशीत रात्रशाळेत जाऊन नाव लिहायला शिकलो गं. त्याआधी अंगठा होता. आता परत अंगठाच लावू?"

जिना चढताना दमून दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर टेकलेल्या कांताबाई खालून ओरडल्या, "अहो, अंगठा लावा नाहीतर डोकं लावा! मला काय इथंच बसवून ठेवताय?"

रामजींनी फोन प्रितीच्या हातात दिला आणि तोंड खिडकीकडे केलं. मेल गेला. चहा निवायच्या आत उत्तर आलं, इंग्रजीत, अत्यंत अदबीनं: तळमजल्याच्या तिन्ही खोल्यांचं वाटप सकाळीच झालं आहे.

ज्यांना त्या मिळाल्या त्यांचं काहीएक चुकलेलं नाही. शिकलेली, समंजस माणसं. कपाळावर पहिल्यापासून इंग्रजी लिहून मोकळी झाली. तुम्हीही तेच करता, आणि मराठी वाचायची ती असल्या गोष्टींना हसण्यापुरती. हसा की. फक्त त्या इमारतीत फोनला रेंज नाही म्हणून गच्चीवर निघालात, तर जिन्यात कांताबाई आडव्या येतील. "एक्सक्यूज मी" म्हणा, सरकतील. तेवढं इंग्रजी त्यांना आता कळतं.