अण्णा पेंटर आणि ताराआत्याची गोळी

हात थरथरणाऱ्या पेंटरकडून तुम्ही दुकानाची पाटी रंगवून घ्याल का? रहिमतपुरात लोक घेत. आमचे शेजारी अण्णा पेंटर यांना कंपवात होता. पिठाच्या गिरणीच्या पाटीवर अक्षरं नागमोडी उमटली, तेव्हा ते मालकाला शांतपणे म्हणाले, "गिरणी चालू असल्यागत दिसतीया बघा." मालकानं पाटी लावली. बर्फाच्या दुकानाची अक्षरं त्यांच्या मते थंडीनं कुडकुडत होती.

घरात ते आणि धाकटी बहीण, ताराआत्या. तिला मनाचा आजार. कधी आठवडाभर अखंड बडबड, कधी महिनाभर तोंडातून शब्द नाही. गाव म्हणे, बाहेरचं आहे. नव्वदच्या दशकातले दिवस, मी कॉलेजात होतो, अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटत होतो. गावाशी भांडून तिला सांगलीच्या डॉक्टरांकडे नेलं. लिथियमच्या गोळ्यांनी ती सावरली आणि माझी मान ताठ झाली.

मग एका मासिकात वाचलं, लिथियम कंपवातावरही चालेल का, असा काही डॉक्टर विचार करताहेत. धावत जाऊन दोघांना वाचून दाखवलं. 'चालेल का' हे शब्द मी जरा हळू वाचले असावेत.

पंधरा दिवसांत आत्याची बडबड पुन्हा सुरू झाली. अण्णांना तांदळाच्या डब्यात पुरचुंडी सापडली. आत्या रोज अर्धीच गोळी घेऊन उरलेली भावासाठी साठवत होती.

"माजं काय, बोलंन न्हाईतर गप बसंन," ती म्हणाली. "तुजा हात चालाय पायजे."

आम्ही सांगली गाठली. डॉक्टर म्हणाले, कंपवातावर अजून काही सिद्ध झालेलं नाही. उलट या गोळीनं थरथर वाढूही शकते. आत्याला मात्र पूर्ण गोळी हवीच. घरी येऊन तिला खूप समजावलं. डॉक्टरला काय कळतंय, म्हणून तिनं पुन्हा गोळी मोडायला घेतली.

अण्णांनी तिचा हात धरला. "तारे, आपलं रगात एकच हाय न्हवं? तू अख्खी गिळलीस की मला लागू पडतीया."

ती माझ्याकडे वळली. "व्हय रं?"

मी पत्रकं वाटणारा माणूस. अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी दुसऱ्या हातानं तांब्या आवळून धरला होता. बोटं पांढरी पडली होती, पण हात जरासुद्धा हलत नव्हता. मी मान डोलावली. तिनं गोळी गिळली.

आजही गोळी घेण्याआधी ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारून खात्री करून घेते. रहिमतपूरला गेलात आणि तिनं तुम्हाला विचारलं, तर कृपा करून विज्ञान सांगू नका. मान डोलवा, आणि ती पाणी पिईपर्यंत तिथंच थांबा.