उसने पालक

हेडसरांनी चष्मा पुन्हा पुन्हा पुसला, पण भिंतीवरच्या तक्त्यातला 'ड' काही पुसला जाईना. गेल्या वर्षी सरकारी हायस्कुलांचं मूल्यमापन झालं, तेव्हा त्यांच्या शाळेला ड श्रेणी मिळाली होती. यंदा पुन्हा ड आला की शाळेला कुलूप, आणि सगळी पोरं हमरस्त्यापलीकडच्या शाळेत. त्या रस्त्यावरून ट्रक असे सुटतात, की मोठी माणसंसुद्धा तो ओलांडायचा तर घरी सांगून निघतात.

तसा निकाल बरा होता. हजेरी ठीक होती. स्वच्छतागृहांना नुकताच निळा रंग दिला होता. घोडं पेंड खात होतं ते 'पालक सहभाग' या एका रकान्यात. पालकसभा भरदुपारी घ्या, असा वरचा हुकूम. आणि भरदुपारी यच्चयावत पालक कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसलेले. उठून आले तर पगार कापला जायचा. मागच्या सभेला दोघंच आले होते, त्यातला एक पंखा दुरुस्त करायला आलेला.

"उद्या मॅडम तपासणीला येणार आणि समोर रिकाम्या खुर्च्या! काय करू हो मी?" हेडसर कळवळून म्हणाले.

"सर, खुर्च्याच भरायच्यात ना?" विज्ञानसर म्हणाले. "प्रत्येकाने घरची एक-दोन माणसं आणायची. कोण कुणाचा पालक, हे काय कपाळावर लिहिलेलं असतं?"

हेडसरांनी आयुष्यात कधी कॉपी केली नव्हती. पण बुडत्याला काडीचा आधार. ते घरी गेले आणि बायकोपुढे पदर पसरायचाच काय तो बाकी ठेवला.

"मला रजा नाही मिळायची," बायको म्हणाली. "आईला न्या की."

हेडसरांना घाम फुटला. सासूबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या आणि रविवारी परत जाणार होत्या. त्या रविवारकडे हेडसर डोळे लावून बसले होते. बाई इस्पितळात मेट्रन होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी तिथले डॉक्टर अजून त्यांचं नाव निघालं की सरळ बसतात म्हणे.

"आई, तिथं काही बोलायचं नाही हं. नुसती मान डोलवायची."

"मी काय नंदीबैल आहे?"

"आणि मला जावईबापू म्हणायचं नाही. सर म्हणायचं."

सासूबाईंनी नव्या डोळ्याने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "बघते. जीभ वळली तर म्हणेन."

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं. शिक्षकांचे मेहुणे, काका, भाचे, एकाचा तर घरमालक. सासूबाई सकाळीच आल्या होत्या आणि सभेपर्यंत बसून काय करायचं म्हणून सगळी शाळा पायाखाली घालून आल्या होत्या. तिथेच खरं तर हेडसरांनी ओळखायला हवं होतं.

तपासणीच्या मॅडम बुटक्या, शांत आणि फार हळू बोलणाऱ्या. हळू बोलणारी माणसं हेडसरांना जास्त भीतीदायक वाटायची. मॅडमनी पहिल्याच रांगेतल्या चित्रकलासरांच्या मेहुण्याला विचारलं, "तुमचं मूल कितवीत?"

"दहावीत," मेहुणा म्हणाला. त्याला स्वतःलाच जेमतेम मिसरूड फुटली होती.

"लग्न लवकर झालेलं दिसतंय."

"हो, जरा घाईच झाली."

शेजारी गणिताच्या बाईंचे वडील, काठी टेकून. "माझा मुलगा आठवीत," ते म्हणाले, आणि मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहून पुस्ती जोडली, "जरा उशीरच झाला."

विज्ञानसरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. हेडसरांचा सदरा पाठीला चिकटला.

"शाळेबद्दल काही तक्रार?" मॅडमनी सगळ्यांना विचारलं.

सगळ्या माना एकदम आडव्या हलल्या. छान शाळा, उत्तम शाळा, अशी शाळा शोधून सापडायची नाही! हेडसरांचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय, तोच मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मला बोलायचंय," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, वेळ कमी आहे," हेडसर घाईघाईने म्हणाले.

"आजी कुणाला म्हणता? बसा खाली." हेडसर बसले. "मॅडम, स्वच्छतागृहाला रंग झकास दिलाय, पण नळाला थेंब नाही. मुलींच्या बाजूच्या दाराला कडी नाही. एक आत जाते आणि दुसरी बाहेर दार धरून उभी राहते. वाचनालयाला भलंमोठं कुलूप आणि किल्ली ह्यांच्या खिशात. पुस्तकं काय वाळवी वाचणार? आणि ह्यांना सांगून काही उपयोग नाही. घरी गॅसची नळी बदला म्हणून महिनाभर कानीकपाळी ओरडतेय, पण आमचे जावईबापू म्हणजे..."

मॅडमचं लिहितं पेन कागदावरच थांबलं.

"जावईबापू?" मॅडम आणखीच हळू म्हणाल्या. "इथे खरे पालक किती आहेत?"

कुणीच हात वर केला नाही. काठीवाल्या आजोबांनी अर्धा उचलला आणि लेकीकडे बघून खाली घेतला.

हेडसर उभे राहिले. "मॅडम, चूक माझी आहे. ह्या वेळेला आमचे पालक मशीनवर असतात हो. त्यांना पोरांची काळजी नाही असं नाही. मला काय शिक्षा करायची ती करा, पण शाळा बंद करू नका. तो रस्ता ओलांडताना एखाद्या पोराला काही झालं, तर मला जन्मभर झोप लागायची नाही." आणि एवढ्या माणसांदेखत त्यांचे डोळे भरून आले.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "कारखाना सुटल्यावर घेऊ सभा. मी थांबते."

"त्यांना मी आणते," सासूबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून थेट कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभ्या राहिल्या.

संध्याकाळी सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. दमलेली, कपड्यांना दोऱ्याचे तुकडे चिकटलेली माणसं भिंतीला टेकून उभी राहिली आणि बोलायला लागली ती थांबेचनात. पाणी नाही. कडी नाही. वाचनालय बंद. हेडसर मान खाली घालून ऐकत राहिले.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "पालक सहभागाला पूर्ण गुण. बाकीचं धरून ब श्रेणी होईल. दुपारची खोगीरभरती मी विसरते, पण एका अटीवर. आज सांगितलेली कामं झाली की नाही, ते वर्षभर बघायला एक समिती हवी. अध्यक्ष असा निवडा, जो हेडसरांना अजिबात घाबरत नाही."

सगळं सभागृह एका दिशेला वळलं.

शाळा वाचली! घरी येताना हेडसरांना वाटलं, रस्त्यातल्या प्रत्येकाला थांबवून सांगावं. दारात बायको हसत उभी होती. आत सासूबाई बॅगेतली लुगडी एक-एक करून कपाटात लावत होत्या. हेडसरांचे सदरे खालच्या कप्प्यात गेले होते.

"आई, रविवारचं तिकीट?" हेडसरांनी क्षीण आवाजात विचारलं.

"रद्द केलं. वर्षभराची जबाबदारी आहे, अशी टाकून कशी जाऊ?" सासूबाई म्हणाल्या. "उद्या आधी कडी, मग नळ. आणि सर, ती गॅसची नळी?"

हेडसर निमूटपणे पाना शोधायला गेले.